मंगळावरची परवडणारी वस्ती : हिशेब प्रवासाचा की राहण्याचा?

मृगशीर्ष (धागाकर्ता)

मंगळावर माणसे पाठवण्याच्या योजना गेली काही वर्षे मी सवडीने वाचतो आहे. त्यांतल्या बहुतेक योजना खर्चाची चर्चा प्रक्षेपणापाशी सुरू करतात आणि तिथेच संपवतात. त्यामुळे "परवडणारी" या शब्दाचा अर्थ आधी ठरवावा आणि मग जाणकारांची मते घ्यावीत, या हेतूने हा धागा काढत आहे.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. २० जुलै १९८९ रोजी, माणूस चंद्रावर उतरल्याला वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी चंद्रावर पुन्हा जाण्याची आणि तिथून पुढे मंगळ गाठण्याची घोषणा केली. नासाने नव्वद दिवसांत आराखडा तयार केला. त्यात पृथ्वीभोवती अवाढव्य याने जोडायची होती आणि जाण्यायेण्याचे सगळे इंधन पृथ्वीवरूनच न्यायचे होते. वीस-तीस वर्षांचा एकूण अंदाज ५०० अब्ज डॉलरच्या घरात गेला आणि अमेरिकी संसदेने त्याकडे पाठ फिरवली. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, मार्टिन मॅरिएटा कंपनीतल्या रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर या दोन अभियंत्यांनी 'मार्स डायरेक्ट' हा आराखडा मांडला. परतीची शिदोरी घरून न बांधता तिथेच शिजवावी, असा त्याचा गाभा आहे. माणसांच्या आधी एक रिकामे परतीचे यान जाईल, ते सोबत सहा टन हायड्रोजन आणि एक लहान अणुभट्टी नेईल, मंगळाच्या हवेतला कर्बद्विप्राणिल (कार्बन डायऑक्साइड) वायू शोषून त्याचा हायड्रोजनशी संयोग घडवील आणि त्यातून मिथेन व पाणी तयार होईल. पाण्याचे विघटन केले की प्राणवायू मिळतो आणि सुटलेला हायड्रोजन पुन्हा वापरता येतो. शिवाय कर्बद्विप्राणिलातून थेट थोडा जास्तीचा प्राणवायू काढायचा. अशा रीतीने सहा टनांतून शंभर टनांहून अधिक इंधन आणि प्राणवायू तयार होतो. टाक्या भरल्याची खात्री झाल्यावर, म्हणजे पृथ्वी आणि मंगळ पुन्हा सोयीच्या स्थितीत येतात त्या, २६ महिन्यांनंतरच्या पुढच्या संधीला, चार माणसे निघतात. या एका कल्पनेने खर्चाचा अंदाज कित्येक पटींनी खाली आला.

ही केवळ कागदावरची रसायनविद्या राहिलेली नाही. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स या बग्गीवर 'मॉक्सी' नावाचे उपकरण होते. त्याने मंगळाच्या हवेतून प्राणवायू काढून दाखवला. १६ वेळा चालून त्याने एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू निर्माण केला. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळातला हा सगळा साठा एका माणसाला जेमतेम साडेतीन तास पुरला असता. तरीही मी या प्रयोगाला फार मोठे मानतो, कारण उपकरण लहान होते, पण परक्या ग्रहावरच्या हवेत ते अपेक्षेप्रमाणे चालले.

आता माझा मुद्दा मांडतो. वरचे सगळे जाऊन परत येण्याविषयी आहे. वस्तीचा हिशेब वेगळा असतो. २०१२ साली 'मार्स वन' या डच उपक्रमाने परत न येणाऱ्या चौघांना ६ अब्ज डॉलरमध्ये मंगळावर पोहोचवण्याची घोषणा केली, जगभरातून अर्ज मागवले आणि २०१५ मध्ये शंभर जणांची यादी जाहीर केली. त्या शंभरांत भारतीयही होते. परतीचा प्रवासच वगळला म्हणजे मोहीम स्वस्त झाली, असा त्यांचा तर्क होता. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेच्या संशोधकांनी ती योजना तपासली, तेव्हा खर्च कमी होण्याऐवजी दर खेपेला वाढत जातो असे दिसले. प्रत्येक नव्या चौकडीबरोबर आधीच्या सगळ्या यंत्रांचे सुटे भागही पाठवावे लागतात आणि काही वर्षांनी पृथ्वीवरून जाणाऱ्या मालात सर्वांत मोठा वाटा त्यांचाच होतो. २०१९ च्या जानेवारीत त्या उपक्रमाची कंपनी दिवाळखोर ठरली.

म्हणून मी अशी कसोटी सुचवतो : दर २६ महिन्यांनी, दर माणशी, पृथ्वीवरून किती किलो सामान पाठवावे लागते? हा आकडा खाली आणता आला तर वस्ती परवडेल. न आला तर तिकीट कितीही स्वस्त झाले तरी पांढरा हत्ती पोसल्यासारखे होईल. आपापल्या व्यवसायाच्या अनुभवातून यावर लिहावे, ही विनंती.

फळा-खडू

उत्तम धागा. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि मुलांना मंगळयानाचे उदाहरण नेहमी देतो. ४५० कोटी रुपयांत इस्रोने मंगळाची कक्षा गाठली, तीही पहिल्याच प्रयत्नात. त्याच आठवड्यात पोहोचलेल्या अमेरिकेच्या मेव्हन यानाचा खर्च ६७ कोटी डॉलर होता. तेव्हा काटकसरीने मोहीम आखण्याचे शास्त्र आपल्याकडे आहे, असे म्हणायला हरकत नसावी. माणसांच्या मोहिमेला ते लागू पडेल का?

मृगशीर्ष

सर, २४ सप्टेंबर २०१४ ची ती सकाळ मला आजही आठवते आणि त्या यशाचे मोल मी तसूभरही कमी करणार नाही. परंतु ती काटकसर कशातून आली हे पाहिले तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पीएसएलव्ही या इस्रोच्या प्रक्षेपकाची ताकद मंगळयानाला थेट मंगळाकडे फेकण्याइतकी नव्हती. म्हणून ५ नोव्हेंबर २०१३ रोजी यान पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडले गेले आणि पुढचे जवळजवळ चार आठवडे प्रत्येक वेळी पृथ्वीच्या जवळून जाताना स्वतःचे इंजिन थोडे थोडे चालवून त्याने आपली कक्षा वाढवत नेली. यानाच्या सुमारे १३४० किलो वजनापैकी साडेआठशे किलो इंधनच होते आणि वैज्ञानिक उपकरणे मिळून पंधरा किलो. उतरायचे नव्हते, परतायचे नव्हते, श्वास घ्यायचा नव्हता.

माणसांना यातले काहीच लागू होत नाही. आठवडेच्या आठवडे लांबट कक्षेत फिरायचे म्हणजे पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून पुन्हा पुन्हा जायचे, आणि ते शरीराला घातक आहे. उपकरण पंधरा किलोंवर आणता येते, माणसाची भूक आणता येत नाही. इस्रोकडून घ्यायचा धडा मला दुसरा वाटतो : हाताशी असलेले, चांगले पारखलेले वाहन घ्या आणि मोहीम त्याच्या मापाने बेता. मोहीम आधी कल्पून मग तिला शोभणारे वाहन मागायला गेले की १९८९ ची पुनरावृत्ती होते.

गाळणी

मी सांडपाणी शुद्धीकरणाच्या क्षेत्रात बावीस वर्षे काम करतो, म्हणून पाण्यापुरतेच लिहितो.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूत्र, घाम आणि श्वासातली वाफ यांतून पाणी परत मिळवण्याचे प्रमाण २०२३ मध्ये ९८ टक्क्यांवर पोहोचले. त्याआधी ते ९३-९४ टक्के होते. चार टक्क्यांचा फरक वाचायला किरकोळ वाटेल, पण मृगशीर्ष यांच्या कसोटीवर तो घासून पाहू. माणशी दिवसाला पावणेचार लिटर धरले तर चौघांना ७८० दिवसांत, म्हणजे २६ महिन्यांत, सुमारे ११,७०० लिटर पाणी लागते. त्यातले सहा टक्के गमावले तर सातशे लिटरची तूट येते. दोन टक्के गमावले तर सव्वादोनशे-अडीचशे लिटरची. म्हणजे केवळ ऊर्ध्वपातनानंतर उरलेल्या गाळातून शेवटचा ओलावा पिळून काढल्यामुळे दर खेपेला जवळपास अर्धा टन माल वाचतो.

मंगळावर तर ही तूटही तिथल्या बर्फातून भरता येईल. फीनिक्स यानाने २००८ मध्ये मातीखाली काही सेंटिमीटरवर बर्फ उघडा पाडला होता आणि युटोपिया प्लॅनिशियाच्या मैदानाखाली रडारला प्रचंड हिमसाठा आढळला आहे. परंतु त्याच फीनिक्सने मातीत परक्लोरेट हे क्षार अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याचेही दाखवले. ते थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत. पाण्यातून ते काढण्याचे उपाय आपल्याला ठाऊक आहेत : आयन-विनिमय (रेझिनच्या दाण्यांनी क्षार पकडणे), विपरीत परासरण (पडद्यातून गाळणारे 'आरओ'), आणि परक्लोरेटचे विघटन करणारे जिवाणू. माझी काळजी पाणी शुद्ध होईल की नाही ही नाही. पहिल्या दोन उपायांत पडदे आणि रेझिन झिजतात, आणि झिजलेला पडदा मंगळावर तयार होत नाही. आमच्या क्षेत्रात संयंत्र बसवण्याच्या खर्चाची निविदा निघते, उद्घाटन होते, आणि तीन वर्षांनी पडदे बदलायला तरतूद नसते. मी असे एक संयंत्र बंद पडताना पाहिले आहे. यंत्र उत्तम होते, फक्त त्याचा पुढचा खर्च कुणी मोजला नव्हता. म्हणून मी जिवाणूंच्या बाजूने आहे. ते संथ आहेत, त्यांना सांभाळावे लागते, पण ते स्वतःची नवी पिढी स्वतः घडवतात.

हिमवारा

गाळणी यांचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मी यंत्रदुरुस्तीच्या कामावर दक्षिण ध्रुवीय प्रदेशात एक संपूर्ण हिवाळा काढला आहे. तळाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचा प्रसंग कुणाच्या दोषासाठी सांगत नाही.

आपल्या देशाला अशा वस्तीचा अनुभव आहे, हे फार कमी लोकांच्या ध्यानात येते. डॉ. सईद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोहोचली. पुढे दक्षिण गंगोत्री हे संशोधन केंद्र उभे राहिले, ते बर्फाखाली गाडले गेले आणि त्याची जागा १९८९ मध्ये शिर्माकर टेकड्यांमधल्या मैत्रीने घेतली. २०१२ पासून भारती आहे. या सगळ्याचे नियोजन आजही गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून होते. मैत्रीला जहाज उन्हाळ्यात एकदाच माल देते, आणि हिवाळ्यात वीस-पंचवीस माणसे आहे त्यात भागवतात. हवा फुकट आहे, शेजारच्या तळ्यात गोडे पाणी आहे, गुरुत्वाकर्षण घरचेच आहे. आणि तरीही तिथे आजवर कुणी कायमचे स्थायिक झालेले नाही. डिझेलपासून डाळीपर्यंत सगळे बाहेरूनच येते.

आता प्रसंग. जुलै महिना होता, चोवीस तास अंधार. गरम पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या दांड्यावरचे सील गेले. यादीप्रमाणे दोन सील शिल्लक होती. पेटी उघडली तेव्हा दोन्ही दुसऱ्या मापाची निघाली. फरक दोन-तीन मिलिमीटरचा असेल. पंप चांगला, मोटर चांगली, आणि तळहातावर मावेल एवढ्या वस्तूवाचून सगळी व्यवस्था अडली. लेथवर पितळेची कडी कातून आणि जुन्या रबराचा तुकडा बसवून आम्ही ते निभावले, आणि पुढचे चार महिने मी रोज रात्री उठून त्या सांध्यावरून हात फिरवून ओल तपासत असे.

यावरून माझे दोन आग्रह आहेत. पहिला असा की वस्तीतली जास्तीत जास्त यंत्रे एकाच मापाचे भाग वापरणारी असावीत, जरी त्यामुळे एखादे यंत्र दहा टक्के कमी कार्यक्षम झाले तरी चालेल. पाण्याचा पंप, शीतकाचा पंप आणि शेतीच्या घराचा पंप एकच असेल, तर तीन यंत्रांना तीन वेगळे संच न्यावे लागत नाहीत आणि वेळप्रसंगी कमी निकडीचा पंप मोडून निकडीचा चालवता येतो. दुसरा आग्रह असा की पहिल्या चौघांत एक तरी माणूस असा असावा ज्याने आयुष्यभर हाताने दुरुस्ती केली आहे. संदेशाला मंगळापर्यंत पोहोचायला अंतरानुसार तीन ते बावीस मिनिटे लागतात आणि उत्तराला तितकीच. पाणी गळत असताना पाऊण तास कुणी वाट पाहू शकत नाही.

फळा-खडू

हिमवारा, आपला अनुभव मुलांना वाचून दाखवीन. एक शंका : अन्न तिथेच पिकवले तर मालाचे ओझे पुष्कळ कमी होईल, नाही का?

मृगशीर्ष

सर, होईल, पण पहिल्या दहा-पंधरा वर्षांत ते उलट वाढण्याचीही शक्यता आहे. वेष्टनासह तयार अन्न माणशी दिवसाला १.८ किलो धरले तर चौघांना ७८० दिवसांसाठी साडेपाच टनांच्या थोडे वर लागते. एवढे वाचवण्यासाठी लागवडीची जागा, दिवे, पोषक द्रव्ये फिरवणारे पंप आणि या सगळ्यांना वीज न्यावी लागते. मंगळावर ऊन पृथ्वीच्या ४३ टक्केच पडते आणि २०१८ च्या वादळासारखी धूळ उडाली तर तेही जाते. त्या वादळात ऑपॉर्च्युनिटी ही सौरऊर्जेवर चालणारी बग्गी कायमची गप्प झाली. म्हणून पहिल्या दिवसापासून अणुऊर्जा हवी, असे माझे ठाम मत आहे. नासाने २०१८ मध्ये नेवाडात किलोवॉट दर्जाच्या एका छोट्या अणुभट्टीची यशस्वी चाचणी घेतली, ती याच दृष्टीने महत्त्वाची आहे.

शेतीबाबत ॲरिझोनातल्या 'बायोस्फिअर २' चा अनुभव प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर असावा. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ जण त्या काचघरात बंद झाले आणि बरोबर दोन वर्षांनी बाहेर आले. सुमारे अडीच हजार चौरस मीटर शेतीतून त्यांनी आपल्या आहाराचा चार-पंचमांश भाग पिकवला, हे फार मोठे यश आहे. पण ते सतत भुकेले राहिले, त्यांची वजने उतरली, आणि हवेतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत साधारण साडेचौदा टक्क्यांपर्यंत घसरला. शेवटी तो बाहेरून सोडावा लागला. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव प्राणवायू खाऊन कर्बद्विप्राणिल सोडत होते. इथवर सरळ आहे. पण मग तो वायू हवेत साठायला हवा होता आणि तितका तो साठत नव्हता. शोध घेतल्यावर कळले की इमारतीचे उघडे काँक्रीट तो शोषून घेत होते आणि त्याचा चुनखडक होत होता. झाडांना जो वायू मिळून त्यातून प्राणवायू परत यायचा, तो भिंतीत अडकला. कुणाच्याही आकडेमोडीत भिंत नव्हती. 'मार्स वन' च्या तपासणीत अडचण नेमकी उलटी निघाली होती : सगळे अन्न आतच पिकवले तर झाडे इतका प्राणवायू सोडतात की आगीचा धोका होतो, आणि तो एकटाच बाहेर काढणारे यंत्र अंतराळात वापरण्याजोगे तयार नव्हते. बंद घरात शेती आणि हवा यांचा हिशेब वेगळा मांडता येत नाही.

माझा प्रस्ताव असा : पहिल्या तीन-चार खेपांना अन्न पृथ्वीवरूनच न्यावे आणि शेती फक्त ताज्या पालेभाजीपुरती व शिकण्यापुरती ठेवावी.

दूरदेशी वैद्य

मी भारताबाहेर रुग्णालयात क्ष-किरण विभागात काम करते. हा धागा "वस्ती" म्हणतो आहे, म्हणून आपण कुणीच न काढलेला विषय काढते.

क्युरिऑसिटी बग्गीवरच्या मापकाने प्रवासात दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचे एकक) आणि मंगळाच्या पृष्ठभागावर सुमारे ०.६७ मिलिसीव्हर्ट किरणोत्सार नोंदवला. जाण्यायेण्याचे ३६० दिवस धरले तर सुमारे ६५०, आणि मधल्या पाचशे दिवसांच्या मुक्कामाचे सुमारे ३३५. नासाने अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी ६०० मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे. राहायलाच जाणाऱ्याला परतीचा अर्धा डोस टळेल, पण उघड्यावर राहिल्यास वर्षाला सुमारे २४५ मिळत राहतील. म्हणून घरे मातीखाली, दोन-तीन मीटर थराखाली असावीत. हा उपाय पृथ्वीवरून फारसा माल मागत नाही, ही समाधानाची बाब आहे.

परंतु वस्ती म्हणजे जिथे मुले जन्मतात आणि वाढतात ती जागा. ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात एकाही सस्तन प्राण्याचा गर्भ पूर्ण वाढून जन्मलेला नाही. गर्भाची हाडे, हृदय, तोल सांभाळणारा अंतर्कर्ण कसा घडेल, हे सांगण्याइतका पुरावाच हाती नाही. याचे उत्तर मिळवायला मंगळावर जावे लागत नाही. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या, स्वतःभोवती गिरक्या घेऊन नेमके तेवढेच गुरुत्व निर्माण करणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेत उंदरांच्या दोन-तीन पिढ्या वाढवता येतील. मानवी मोहिमेच्या तुलनेत हा खर्च अगदी अल्प आहे. तो प्रयोग होईपर्यंत या आराखड्याला वस्ती न म्हणता छावणी म्हणावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण ज्याची संमती घेता येत नाही अशा जिवाचा हा प्रश्न आहे.

मृगशीर्ष

डॉक्टर, तुमचे म्हणणे मान्य आहे. माझ्या आराखड्यात मी शब्द बदलतो : पहिली पंचवीस वर्षे छावणी. चौघे जातील, २६ महिन्यांच्या चक्राप्रमाणे बदली होईल, परतीचे इंधन तिथेच बनेल. यामुळे परतीचे यान पुन्हा हिशेबात येते आणि खर्च वाढतो, याची मला कल्पना आहे. तो किती अवघड भाग आहे हे दगडांच्या मोहिमेवरूनही कळते : पर्सिव्हिअरन्सने गोळा केलेले जेमतेम अर्धा किलो नमुने पृथ्वीवर आणण्याचा अंदाज ११ अब्ज डॉलरपर्यंत गेला, तेव्हा २०२४ मध्ये नासाला नवे, स्वस्त मार्ग मागवावे लागले. उतरण्याचाही प्रश्न आहेच. मंगळावर आजवर उतरवलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे सुमारे एक टनाची तीच बग्गी. माणसांना वीस टनांच्या पुढचे घर लागेल. हवा इतकी विरळ की हवाई छत्री पुरत नाही, आणि इतकी दाट की तिचा ताप सोसावा लागतो.

मी पुढच्या आठवड्यात मालाचा तक्ता टाकतो. अन्नाला चौघांसाठी साडेपाच टन, पाण्याची तूट पाव टन आणि प्राणवायू स्थानिक, असे तीन रकाने आजच भरता येतात. सुट्या भागांचा रकाना रिकामा आहे आणि तो माझ्याकडून भरला जाणार नाही. हिमवारा, आपण त्या हिवाळ्यात प्रत्यक्ष काय काय बदलले, त्याची नोंद आपल्याकडे आहे का?

हिमवारा

आहे. रोजची वही मी जपून ठेवली आहे. वरवर चाळली तर सर्वांत जास्त वेळा सील आणि गॅस्केट, मग बेअरिंग, मग गाळण्या, मग विजेचे संपर्क-स्विच, असा क्रम दिसतो. मोठी मोटर संपूर्ण हिवाळ्यात एकदाच बदलली. वजनाने पाहिले तर हा क्रम उलटा होतो, म्हणून तक्त्यात किती वेळा लागले आणि किती किलो लागले असे दोन रकाने ठेवा. मी रविवारपर्यंत महिनावार उतरवून इथे देतो. गाळणी यांनी आपल्या संयंत्रातले पडदे किती महिन्यांनी बदलतात तेही लिहिले, तर दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावता येतील.